गुणनियंत्रणाचे शिक्षण आणि घरची ऐपत



वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास सुरू केली, आणि तेव्हापासून अशा व्यासपीठावर इतिहास, वाङ्मय, राजकारण असे भारदस्त विषय शोभत आले आहेत. आमचा आजचा विषय त्या मानाने अगदीच बाजारातला आहे. मुलाला कोणत्या अभ्यासक्रमाला घालावे आणि त्यासाठी किती पैसे मोजावेत, एवढाच. पण वैशाखात आपल्या या किनाऱ्यावर तीनच गोष्टींची चर्चा असते: आंबा किती उतरला, मुंबईचे चाकरमानी कधी पोहोचले, आणि निकाल कधी लागणार. निकालाच्या मागोमाग ‘झिलाक आता खंय घालूचो?’ हा प्रश्न येतो. तो विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पुष्कळदा कलमांच्या बागेचा सातबारा असतो, नाही तर घरधनिणीच्या पाटल्या असतात. ज्या प्रश्नापायी घरातली चीजवस्तू गहाण पडते, तो व्याख्यानमालेला कमीपणा आणणारा नाही, असे आम्ही समजतो.

त्यातही आम्ही एकच विद्या निवडली आहे. तिला इंग्रजीत ‘क्वालिटी कंट्रोल’ म्हणतात. आपण गुणनियंत्रण म्हणू. डॉक्टर, इंजिनियर, मास्तर यांची कामे सर्वांना ठाऊक असतात. गुणनियंत्रण करणारा मनुष्य मात्र कारखान्याच्या एका कोपऱ्यात, हाती मोजमापाचे हत्यार आणि पुढ्यात वही घेऊन बसलेला असतो, आणि त्याचे नाव कोणाच्या कानावर जात नाही. माल परत आला म्हणजे मात्र सर्वांना त्याची आठवण होते.

ही विद्या आपल्याला परकी आहे असे कोणी समजू नये. देवगडच्या बागेत आंबा उतरवणारा गडी फळाकडे पाहून ‘चौदा आणे झाला’ असे सांगतो, तेव्हा तो गुणनियंत्रणच करीत असतो. देठाजवळचे खांदे भरले, देठापाशी किंचित खळगा पडला, सालीचा रंग फिरू लागला, या खुणांवरून त्याने सोळा आण्यांतले चौदा मोजलेले असतात. वेंगुर्ल्या-कुडाळकडच्या काजूच्या कारखान्यात बाया गर निवडायला बसतात. डब्ल्यू ३२० या प्रतीचा अर्थ एवढाच की एका पौंडात साधारण तीनशे वीसपर्यंत अख्खे पांढरे गर बसतात. डब्ल्यू १८० म्हटले की गर मोठा, म्हणून संख्या कमी आणि भाव अधिक. पाटीभर गरांतून एका नजरेत ही प्रतवारी करणारी बाई कोणत्याही कॉलेजात गेलेली नसते. मासळीच्या लिलावात बांगड्याचा कल्ला उघडून पाहणाऱ्या आमच्या कोळणीची परीक्षा तर कोणी प्राध्यापक नापास करील असे वाटत नाही.

मग कॉलेज कशाला हवे? नजरेला दिसत नाही ते पाहण्यासाठी हवे. हापूस बाहेरून सोन्यासारखा दिसतो आणि कापला की आत साका निघतो. चौदा आणे सांगणाऱ्या गड्याला साका दिसत नाही. बांगडा, सुरमई, कुपा या जातीची मासळी उन्हात चार घटका बर्फावाचून राहिली तर तिच्यात हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते. ते पुढे बर्फात ठेवून जात नाही, आणि तिखट-कोकम घालून कितीही उकळले तरी जात नाही. कल्ला लालसर असतानाही ते असू शकते. ते प्रयोगशाळेतच कळते. काजूगरातील ओल पाच टक्क्यांच्या आत आहे की सहावर गेली, हे बोटांना समजत नाही, पण बोटीतून महिनाभर प्रवास झाल्यावर बुरशीला समजते. जुन्या नजरेच्या जोडीला मापणारे हत्यार आणि लिहिणारा हात द्यायचा, एवढेच या शिक्षणाचे काम.

हे हत्यार नसले की काय होते ते आपल्या किनाऱ्याने पाहिले आहे. १९९७ च्या ऑगस्टमध्ये युरोपातील देशांच्या संघाने भारतातून येणारी मासळी बंद केली. पाहणीस आलेल्या अधिकाऱ्यांना आपल्या प्रक्रिया-कारखान्यांतील स्वच्छता आणि तपासणी पसंत पडली नव्हती. पुढे एकेक कारखाना सुधारून, एकेकाची तपासणी करून पुन्हा मान्यता मिळवावी लागली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेनेही मासळीच्या धंद्याला ‘हॅसप’ची पद्धत सक्तीची केली. ही पद्धत मुळात १९६० नंतरच्या दशकात अंतराळवीरांचे अन्न निर्धोक असावे म्हणून निघाली. तयार डबा शेवटी तपासण्याऐवजी धोका कोणकोणत्या टप्प्यावर शिरू शकतो ते आधी ठरवायचे आणि त्या टप्प्यावर पहारा ठेवायचा, ही तिची रीत आहे. चंद्रावर जाणाऱ्यांसाठी काढलेली पद्धत कोळंबीच्या टोपलीला लागू झाली!

नंतर पाळी आंब्याची आली. १ मे २०१४ पासून युरोपने आपला आंबा आणि चार भाज्या यांवर बंदी घातली, कारण मालात फळमाशी सापडत होती. ऐन हंगामात बंदी आली आणि २०१५ च्या आरंभी ती उठली, म्हणजे एक हंगाम गेला. फळमाशीची अळी फळाच्या आत असते. ज्याने पेटी भरली त्याचा हेतू शुद्ध होता, पण हेतू बंदरावर तपासत नाहीत.

आणि आता जे सांगणार आहोत ते मालवणात उभे राहून सांगताना जीभ जड होते. राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. नऊ महिनेही पुरे झाले नव्हते. दोष कोणाचा, किती, हा निवाडा करणे आमचे काम नव्हे. परंतु नट-बोल्टांना गंज चढल्याचे कोसळण्याच्या काही दिवस आधीच लेखी कळविण्यात आले होते, आणि पुढे चौकशी समितीने गंज, कमकुवत सांगाडा व वेल्डिंगमधील उणिवा यांवर बोट ठेवले, असे त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. ११ मे २०२५ रोजी त्या जागी ६० फुटांचा नवा पुतळा उभा राहिला, ही समाधानाची गोष्ट आहे. तरी पहिल्या पुतळ्याचा विचार केल्यावाचून आजच्या विषयाला हात घालता येत नाही.

समोर पाहा. १६६४ साली ज्याचा पाया घातला तो सिंधुदुर्ग अजून लाटा अंगावर घेत उभा आहे. खाऱ्या वाऱ्यात लोखंडाचे काय होते हे आपल्या वाडीवाडीतल्या माणसाला ठाऊक आहे. खिडकीचे गज दोन पावसाळ्यांत सोलवटतात. यांत्रिक होडी बाळगणारे तांडेल तळाला जस्ताच्या वड्या बसवतात, कारण खाऱ्या पाण्यात पितळेच्या पंख्याशेजारचे लोखंड झिजायचे ते त्याऐवजी जस्त झिजते आणि वडी बदलली की काम भागते. ज्ञान गावात होते. पण ज्ञान असणे वेगळे आणि ‘दर आठवड्याला अमुक बोल्टाची अमुक इतकी झीज मोजून अमुक वहीत लिहावी, अमुक आकड्यापुढे गेल्यास काम थांबवावे’ असे आधीच ठरलेले असणे वेगळे. गंज डोळ्यांना दिसू लागतो तेव्हा तो बराच जुना असतो. मोजणी त्याच्या आधीची हवी, आणि मोजणाऱ्याच्या ‘नाही’ला वजन हवे.

ही ‘आधीच ठरवून मोजण्याची’ रीत शास्त्ररूपाला आणली वॉल्टर शूहार्ट या अमेरिकन संशोधकाने. १६ मे १९२४ रोजी त्याने आपल्या वरिष्ठांना एका पानाचे टिपण दिले, त्यात एक छोटा आलेख होता. त्यालाच पुढे नियंत्रण-आलेख म्हणू लागले. तो समजावून घ्यायला मालवणच्या माणसाला गणिताची फारशी गरज नाही. धक्क्याच्या खांबावर भरतीची खूण असते आणि ओहोटीची खूण असते. पाणी रोज वरखाली होते, पण त्या दोन खुणांच्या आत होते; तेवढ्याने कोणी घाबरत नाही. एके दिवशी पाणी वरच्या खुणेच्या पलीकडे चढले की जाणता माणूस होड्या वर ओढायला सांगतो. शूहार्टने कारखान्यातल्या प्रत्येक मापाला अशा दोन खुणा काढून दिल्या. खुणांच्या आतल्या चढउताराला हात लावू नये, बाहेर गेल्यास कारण शोधावे. नवशिका मनुष्य याच्या उलट करतो: रोजच्या लाटेला यंत्र फिरवतो आणि वादळ येते तेव्हा झोपलेला असतो.

शूहार्ट स्वतः १९४७-४८ साली भारतात आला होता. प्राध्यापक महालनोबिस यांनी १९३१ साली कलकत्त्यास स्थापलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेने त्याला बोलावले होते, आणि पुढच्या दशकात संस्थेने मुंबईसारख्या औद्योगिक शहरांतून संख्याशास्त्रीय गुणनियंत्रणाची केंद्रे उघडली. १९६३ साली निर्यात मालाच्या गुणनियंत्रणाचा कायदा झाला. तेव्हा, ‘हे परदेशी फॅड आहे, दोन वर्षांनी जाईल’ असे जे म्हणतात त्यांनी शंभर वर्षांचा हिशेब पाहावा.

असो. आता मुख्य प्रश्नाकडे वळू. हे शिकायला कोठे जावे?

पहिली गोष्ट अशी की ‘गुणनियंत्रण’ एवढेच नाव असलेला पदवी वा पदविका अभ्यासक्रम आपल्या जवळपास शोधत बसाल तर बहुधा निराश व्हाल. अमेरिकेत त्या नावाचे दोन वर्षांचे अभ्यासक्रम गावोगावच्या कॉलेजांतून असतात. आपल्याकडे ही विद्या इतर विषयांच्या पोटात दडलेली असते. यंत्रशाखेच्या पदविकेत मापनशास्त्राचा विषय असतो. कित्येक वर्षे त्याचे नावच ‘मेट्रॉलॉजी अँड क्वालिटी कंट्रोल’ असे होते. रसायनशास्त्राच्या पदवीत विश्लेषण असते, सूक्ष्मजीवशास्त्रात अन्नाची परीक्षा असते, संख्याशास्त्रात ते नियंत्रण-आलेख असतात. म्हणून पाटीवरचे नाव वाचून प्रवेश घेऊ नये. अभ्यासक्रमाचा छापील कागद मागून घ्यावा आणि त्यात मापन, विश्लेषण, नमुना-निवड हे शब्द किती तासांसाठी आले आहेत ते मोजावे. जे कॉलेज हा कागद दाखवायला कुरकुर करते, त्याची परीक्षा तिथेच झाली असे समजावे.

दहावी झालेल्या मुलाला सर्वांत जवळचा रस्ता शासकीय तंत्रनिकेतनाचा. आपल्या मालवणातच कुंभारमाठला ते आहे. तीन वर्षांची पदविका. पुढे इच्छा आणि ऐपत असेल तर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. ज्याला तेवढेही झेपत नाही त्याने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेला नाक मुरडू नये. तेथे यंत्रकामाचे धंदे आहेत, आणि रासायनिक कारखान्यांच्या परिसरातील काही संस्थांत प्रयोगशाळा-साहाय्यकाचाही आहे. आयटीआय केलेल्यालाही पदविकेच्या दुसऱ्या वर्षाचे दार उघडे असते. आमच्याकडे आयटीआय म्हटले की पाहुण्यांत मान खाली जाते, आणि कुठल्याशा खाजगी कॉलेजात चार लाख भरून बेकार बसलेल्या मुलाचा बाप मात्र ताठ मानेने हिंडतो. ही गोष्ट आम्हाला कधीच उमगली नाही.

बारावी शास्त्र झालेल्यांना वाटा अधिक आहेत. जिल्ह्यातील शास्त्र शाखेची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाची आहेत. तेथून रसायन किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बाहेर पडलेली कितीतरी मुले-मुली आज गोव्यात, वेर्ण्याच्या बाजूला, औषधांच्या कारखान्यांतील गुणनियंत्रण विभागात कामाला आहेत. आंब्या-काजूत रस असेल त्याला कुडाळजवळ मुळद्याचे उद्यानविद्या महाविद्यालय आहे. मासळीचा धंदा ज्याच्या घरात आहे त्याने रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाचा विचार करावा. ती चार वर्षांची पदवी आहे. निर्यात करणाऱ्या मासळी-कारखान्यात मान्यताप्राप्त तंत्रज्ञ ठेवावा लागतो, म्हणून त्या पदवीला किंमत आहे. ज्याच्या पायाखाली पिढ्यान्‌पिढ्या मासळीचे खवले पडले आहेत त्या पोराने ती सोडून मुंबईत कॉम्प्युटरची चार महिन्यांची सर्टिफिकिटे गोळा करीत का फिरावे, हे एक कोडेच आहे. आणि ज्याची गणितात खरी गती आहे त्याच्या कानावर एक गोष्ट घालून ठेवतो: भारतीय सांख्यिकी संस्थेत गुणवत्ता आणि विश्वसनीयता या विषयाची एम.टेक. पदवी आहे. तिला शिक्षणशुल्क नाही, उलट विद्यावेतन मिळते. मात्र प्रवेश-परीक्षा अवघड आहे. देशातील या विषयाचे उत्तम शिक्षण पैशाने विकत मिळत नाही, ही गोष्ट आम्हाला मोठी दिलाशाची वाटते.

आता ऐपतीकडे येऊ. आमची माणसे कॉलेजची किंमत फीवरून ठरवतात, आणि येथेच हिशेब चुकतो. फी हा खर्चाचा एक भाग. खोली, खानावळ, एस.टी., वह्या, आणि सणासुदीचे येणेजाणे हा दुसरा, आणि पुष्कळदा तोच मोठा. तरीही एकूण खर्च हे माप पुरे नाही. आम्ही दुसरे एक माप सुचवतो: हाताच्या तासाचा भाव. मुलाचा हात प्रत्यक्ष हत्यारावर किती तास पडतो, आणि तो एक तास आपल्याला कितीला पडतो?

उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. आपण आपले घालावेत. समजा, घरून जाऊन येऊन करण्याजोग्या एका कॉलेजात फी आणि प्रवास मिळून वर्षाला १८,००० रुपये लागतात. आठवड्याला १२ तास प्रात्यक्षिके, वर्षात ३२ आठवडे, म्हणजे ३८४ तास. पण एका हत्याराभोवती चार मुले उभी राहतात, म्हणून एकाच्या वाट्याला ९६ तास आले. १८,००० भागिले ९६, म्हणजे तासाला १८७ रुपये ५० पैसे. आता शहरातील एक झगमगीत कॉलेज घ्या. फी आणि राहणे मिळून वर्षाला दीड लाख. प्रात्यक्षिकाचे तास तेवढेच. तेथे प्रत्येक मुलाला स्वतंत्र हत्यार असेल तर तास ३९० रुपयांना पडला; महाग खरा, पण माल चोख आहे, ज्याला परवडेल त्याने घ्यावा. परंतु तेथे एका हत्याराला आठ मुले असतील तर वाट्याला ४८ तास येतात आणि भाव ३,१२५ रुपये होतो. इमारत तीच, फाटकावरचा पहारेकरी तोच, माहितीपुस्तकातील रंगीत चित्रेही तीच. आणि स्वस्त कॉलेजातली प्रयोगशाळा वर्षभर कुलपात असेल तर भागाकारच होत नाही, कारण शून्याने भागता येत नाही. स्वस्त ते सगळे चांगले असे आम्ही मुळीच म्हणत नाही.

हा भाव काढायचा तर कॉलेजात एकदा जाऊन यावे लागते, तेवढे एस.टी.चे भाडे खर्च करावे. मुख्याध्यापकांच्या खोलीत बसू नये, सरळ प्रयोगशाळेकडे जावे. मायक्रोमीटर कपाटात आहे की टेबलावर, हे पाहावे. टेबलावर असेल तर त्याच्या डबीवर वा चिठ्ठीवर ते शेवटचे केव्हा पडताळले त्याची तारीख आहे का, हे पाहावे. मापाचे माप न घेता शिकवलेले मापन म्हणजे खोट्या वजनाने चाललेले दुकान. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाची प्रयोगवही चाळावी. तिच्यात सर्वांची उत्तरे दशांश चिन्हापर्यंत सारखी असतील तर समजावे की आकडे हत्यारावरून आलेले नाहीत, शेजारच्या वहीतून आले आहेत. खऱ्या मापनात दोघांची उत्तरे थोडी वेगळी येतात. ज्या मास्तरांनी त्या फरकावर लाल रेघ मारण्याऐवजी ‘का?’ असे लिहिले असेल, त्यांच्या हाती मूल बेलाशक सोपवावे.

हे शेवटचे आम्ही सहज म्हणून सांगत नाही. या धंद्यात मनुष्य विकला जातो तो येथेच. माल पाठवायची घाई असते, वरिष्ठ दाराशी उभे असतात आणि आकडा दोन खुणांच्या किंचित बाहेर असतो. तो आत लिहिणे फार सोपे. कोणाला कळत नाही, निदान त्या दिवशी तरी. ज्या मुलाने तीन वर्षे शेजाऱ्याच्या वहीतून आकडे उतरवले, त्याच्याकडून त्या घटकेला काय अपेक्षा करायची?

काही ठिकाणी पाय जपून टाकावा. ‘सहा महिन्यांत हमखास नोकरी’ अशा जाहिराती बंदरापासून तिठ्यापर्यंत लागतात. वेल्डिंगची क्ष-किरणांनी किंवा ध्वनिलहरींनी परीक्षा करण्याचे, किंवा ‘सिक्स सिग्मा’चे हिरवे-काळे पट्टे देण्याचे अल्पमुदतीचे वर्ग असतात. हे विषय खोटे नाहीत. पण ते आधीच्या शिक्षणावर चढवायचे मजले आहेत. बारावी नापास मुलाला काळा पट्टा बांधून कोणी कारखान्यात घेत नाही, कराट्याच्या वर्गात घेतील. ज्याच्या हाती आधीच पदविका आहे आणि जो कोल्हापूरला शिरोलीच्या ओतकामाच्या कारखान्यात लागला आहे, त्याने ते वर्ग दोन वर्षांनी जरूर करावेत, आणि शक्य तो मालकाच्या पैशाने करावेत. तसेच पत्राद्वारे अभियांत्रिकी शिकवणाऱ्यांपासून सावध राहावे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने परवानगीवाचून दिलेल्या तशा पदव्यांना धक्का दिला आणि कित्येकांची पंचाईत झाली. घरबसल्या शिकायचेच तर नोकरीत असलेल्या पदवीधराला इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची अन्नसुरक्षा व गुणवत्ता व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका आहे. ती त्याच्या कामाची आहे.

आणि देणगी. महाराष्ट्रात १९८७ पासून शिक्षणसंस्थांना देणगी घेऊन प्रवेश देण्याची कायद्याने मनाई आहे. मागणाऱ्याकडे पावती मागावी. बहुधा आवाज उतरतो. खाजगी व्यावसायिक संस्थांची फी ठरविणारे प्राधिकरणही २०१५ च्या कायद्याने नेमले आहे.

मदतीचे मार्ग थोडक्यात सांगतो, कारण तपशील दरवर्षी बदलतात. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या घरातील मुलांना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क-शिष्यवृत्ती आहे, बाहेरगावी राहणाऱ्यांना डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा निर्वाह भत्ता आहे. मुलींसाठी तर २०२४-२५ पासून राज्य सरकारने पाऊल पुढे टाकले: त्याच उत्पन्नमर्यादेतील, आर्थिक दुर्बल व मागास प्रवर्गांतील मुलींनी केंद्रीय प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला तर शिक्षण व परीक्षाशुल्क पूर्ण माफ. तेव्हा ‘चेडवाक इतक्या शिकवून काय करूचा?’ असे म्हणणाऱ्या आज्यांना निदान खर्चाचे कारण तरी उरलेले नाही. प्रयोगशाळेतले काम नजरेचे, नेटकेपणाचे आणि चिकाटीचे असते. काजूच्या कारखान्यात प्रतवारीच्या टेबलाशी आजवर कोण बसत आले, हे आम्ही आरंभी सांगितलेच आहे. त्यांच्या नाती आता आर्द्रता मोजणाऱ्या यंत्राशी बसाव्यात.

शिक्षण संपल्यावरचे एक वर्ष आम्ही शिक्षणातच धरतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याप्रमाणे पदविका, पदवी किंवा आयटीआय झालेल्यांना कारखान्यात विद्यावेतनावर उमेदवारी मिळते. रक्कम मोठी नसते, पण हाताचा तास येथे पहिल्यांदाच उलट्या भावाने मिळतो: आपण देत नाही, आपल्याला देतात. उमेदवारी पत्करताना ‘कोणत्या खात्यात बसवणार?’ एवढे विचारून घ्यावे. माल भरण्याच्या फलाटावर वर्ष काढलेल्या उमेदवाराला प्रमाणपत्र मिळते, मापन मिळत नाही.

शेवटी कचेरीतली एक गोष्ट. निकालानंतर उत्पन्नाच्या आणि रहिवासाच्या दाखल्यांसाठी सेतू केंद्रावर जी रांग लागते ती आपण पाहिलीच आहे. जातपडताळणीला तर त्याहून अधिक दिवस लागतात. दाखला हाती नाही म्हणून शासकीय जागा हुकली आणि बापाने खाजगी कॉलेजात चौपट फी भरली, असे दर साली घडते. निकालाची वाट न पाहता हे कागद या आठवड्यातच काढायला टाकावेत. तंत्रनिकेतनाच्या आणि शास्त्र शाखेच्या अभ्यासक्रमांच्या काही प्रती आम्ही बरोबर आणल्या आहेत; त्या दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांना पाहायच्या असतील त्यांनी मुलाला सोबत घेऊन पाहाव्यात, आणि प्रात्यक्षिकाच्या तासांचा रकाना त्यालाच मोजायला सांगावा.